बाराघरची मागची अंगणं

४ मार्च १९७९

सदतीस सालच्या मे महिन्यातली एक संध्याकाळ. कॉन्व्हेंटला सुट्टी लागली होती. आई मागच्या अंगणात पाणी शिंपडत होती आणि मी बाजांवर चादरी घालत होते. शेजारच्या घरी नुकतीच नवी सून आली होती, सावनेरकडची. तिला मी अजून नीट पाहिलंही नव्हतं. आई आत गेली, तशी भिंतीपलीकडून आवाज आला, "वं पोरी, तुमच्या नळाले पानी हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

"मग आमच्याच नळाले काय झालं?"

"खालची चावी उघडावी लागते."

थोड्या वेळाने पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हसल्याचा. "चावी खाली आन् नळ वर. तुमच्या नागपूरचं सारंच उलटं." मग तिने तिची बाज ओढली, मी माझी, आणि भिंतीच्या दोन बाजूंना पडून आम्ही झोप येईपर्यंत काहीबाही बोलत राहिलो. ती पंधरा वर्षांची, मी चौदाची. सुमतीचा चेहरा पाहण्याआधी तिचा आवाज मला ठाऊक झाला.

आज हे आठवलं, कारण सोसायटीच्या बैठकीत मधुसूदनरावांनी माझ्यावर एक काम सोपवलं. आमच्या बाराघर ले-आउटला यंदा पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त एक स्मरणिका काढायची आणि तीत वस्तीचा इतिहास मी लिहायचा. "प्रेमलताबाई, तुमच्या वडिलांनी या वस्तीचा पाया घातला. शिवाय तुमची भाषा. दुसरं कोण आहे?" मधुसूदनराव म्हणाले. ते एक नंबरच्या घरात राहतात आणि सोसायटीचे अध्यक्ष आहेत. माझ्या भाषेचं कौतुक ते दरवर्षी कशाच्या ना कशाच्या आधी करतात, तरी मला बरं वाटलं.

माझे यजमान गिरिधर गेल्याला पाच वर्षं झाली; लग्नानंतर ते याच घरात, माझ्या वडिलांकडे, राहायला आले होते. मूलबाळ नाही. संध्याकाळी घर फार मोठं होतं. काम हवंच होतं.

डायरीची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावली. तेव्हा इंग्रजीत लिहीत असे. आता इंग्रजीत लिहिलं की मी परीक्षेला बसल्यासारखी लिहिते, म्हणून मराठीच.

११ मार्च

कॉलेजातून एक मुलगी आली आहे, प्रेमिला. आर्किटेक्चर शिकवते. स्मरणिकेसाठी घरांचे नकाशे ती काढून देणार. सावळी, उंच, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. टेपचं एक टोक माझ्या हातात देते आणि दुसरं घेऊन चालू लागते. मी छप्पन वर्षांची बाई, सकाळभर टेप धरून उभी होते.

आपलं घर असं मोजून कधी पाहिलं नव्हतं. समोर ओसरी, तिला तीन कमानी. मग बैठक, तिच्यामागे शेजारी-शेजारी माजघर आणि स्वयंपाकघर, आणि शेवटी अंगण. वर कवेलूचं उतरतं छप्पर, गच्ची नाही. बाराही घरं अशीच. सचिवालयातल्या बारा कारकुनांनी मिळून जमीन घेतली आणि एकाच नकाशावर बांधली, म्हणजे कोणाला कोणाचा हेवा वाटायला नको. सहा घरांची एक ओळ, तिच्या पाठीला सहा घरांची दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये अरुंद गल्ली. रस्त्याकडचं कुंपण कमरेइतकं, पण अंगणांच्या भिंती पुरुषभर उंच.

"पुढे इतकं मोकळं आणि मागे इतकं बंद. असं का?" प्रेमिलाने विचारलं.

मी म्हटलं, तेव्हाची पद्धत.

तिने वहीत प्रश्नचिन्ह काढलं. मला ते आवडलं नाही.

२० मार्च

रोज दुपारी सुमती येते. मी लिहिलेलं तिला वाचून दाखवते. ती बैठकीतल्या दिवाणावर टेकते, म्हणते, "वाच वं, आयकून राहिली," आणि दुसऱ्या परिच्छेदाला तिचा डोळा लागतो. आज मी कमानींच्या विटा कशा रचल्या ते वाचत होते. इतकं छान जमलं होतं. वर पाहते तो बाईसाहेब घोरताहेत.

उठल्यावर म्हणाली, "लई चांगलं लिवलं."

"काय लिहिलंय?"

"तेच ते. इटा."

मला वाईट वाटलं. पूर्वी ती अशी नव्हती. रात्र रात्र बोलायची, मी झोपले तर भिंतीवर चमच्याने टकटक करायची. आता दोन मुलं, एक सून, नातवंडं, आजारी नवरा. तिला कशाला हवा इतिहास. घरी इतकी माणसं असलेल्या बाईला जुन्या गोष्टींची ओढ नसते, ती आमच्यासारख्यांनाच असते.

जाताना मात्र रेंगाळली. "उद्या येऊ न?" म्हणाली. मी म्हटलं, ये, उद्या कवेलूंचं प्रकरण आहे.

२ एप्रिल

आज मागची गल्ली मोजली. प्रेमिला तिथे फार वेळ थांबली. प्रत्येक अंगणाच्या मागच्या भिंतीला गल्लीकडे उघडणारं एक ठेंगणं दार आहे, ते तिने एकेक करून नकाशात काढलं. मी माझा परिच्छेद तिला वाचून दाखवला: "वस्तीच्या शिल्पकारांची दूरदृष्टी अशी, की सरपण, गवत, शेण यांची ने-आण मागच्या गल्लीने व्हावी व पुढचा रस्ता सदैव स्वच्छ राहावा."

"ने-आण कोण करत होतं?" तिने विचारलं.

"मोळीवाल्या यायच्या. गवतवाल्या."

"पुढच्या दाराने नाही यायच्या?"

"नाही गं. मागे दार होतं ना."

ती हसली. म्हणाली, "माझी आजी असल्याच गल्लीतून यायची, काकू. तिचं नाव भीमाबाई. डोक्यावर मोळी घेऊन. ही गल्ली होती का धंतोलीतली, ते माहीत नाही."

मी विचारलं, "कोणाकडे यायची?"

"सगळ्यांकडेच," ती म्हणाली, आणि दाराची उंची मोजायला वाकली. मग म्हणाली, "यातून मोळीसकट आत येता येत नाही. मोळी बाहेर उतरवावी लागते. तुमच्या इतिहासात लिहाल का, इथून कोण येत होतं?"

मी म्हटलं, लिहीन की. रात्री आठवून पाहिलं. आई भिंतीच्या आतून पैसे बाहेर टाकायची आणि मोळी मग गडी उचलून आणायचा. मोळीवालीचा चेहरा मला एकाही बाईचा आठवत नाही. गोड मुलगी आहे प्रेमिला, पण आज तिने चहा घेतला नाही. ऊन लागलं असावं.

१५ एप्रिल

रुपरावांनी, सुमतीच्या यजमानांनी, सोसायटीकडे अर्ज केला आहे. घरावर मजला चढवायचा आहे. धाकट्या विलासचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतर करायचं. खालच्या तीन खोल्यांत जागा नाही.

सोसायटीचा नियम पहिल्या दिवसापासूनचा: कोणीही घरावर मजला चढवू नये, चढवायचा तर बाराही घरांची लेखी संमती हवी. पन्नास वर्षांत कोणी मागितली नाही. म्हणून तर आमची वस्ती अशी राहिली. रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की कवेलूंची एक सरळ ओळ दिसते आणि तिच्यावर फक्त कडुनिंब. पलीकडच्या ले-आउटमध्ये पाहावं, कोणाची सिमेंटची टाकी वर, कोणाचा जिना बाहेर.

सुमतीने मला आधी सांगितलं नाही. मला मधुसूदनरावांकडून कळलं.

ते स्वतः घरी आले होते. "मी अध्यक्ष, मी नाही म्हटलं तर रुपराव म्हणतील वैर धरलं. तुम्ही लगतच्या शेजारी, आधी तुमचं मत विचारणार. आणि तुम्ही इतिहास लिहिताहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही सही केली नाहीत की बाकीच्यांना करायचा प्रश्नच उरत नाही." माणूस विचारी आहे. वस्तीबद्दल त्यांना खरीच कळकळ आहे.

२९ एप्रिल

बैठक लांबली, रुपरावांना ताप आहे. जूनमध्ये होईल.

सुमती अजून येते. अर्जाचा विषय ती काढत नाही, मीही नाही. मी वाचते, ती झोपते.

८ मे

सापडलं. नियम का केला, ते.

पन्नास वर्षं आम्ही म्हणत आलो, वस्तीची शोभा राहावी म्हणून. मीही तसंच लिहिलं होतं. पण प्रेमिलाचं प्रश्नचिन्ह डोक्यातून जात नव्हतं. काल तिन्हीसांजेला अंगणात सडा टाकून बाजेवर पडले होते आणि वर पाहत होते. बारा अंगणांच्या वर नुसतं आकाश. एकही खिडकी नाही. आणि एकदम आईचं बोलणं आठवलं. पलीकडच्या ओळीतल्या कोणीतरी माळा करून त्याला झरोका ठेवला होता, मी लहान असताना. आई वडिलांना म्हणाली होती, "तो झरोका बुजवा. आम्ही बाया कुठे झोपायचं?"

या घरांना गच्ची नाही. उन्हाळ्यात आत भट्टी असते. सगळं घर अंगणात झोपायचं: बाया, पोरी, बाळंतिणी. म्हणून भिंती पुरुषभर, म्हणून मजला नाही. वरून कोणाची नजर पडू नये. शोभेचा संबंधच नाही. बारा कारकून एकत्र बसले आणि आपल्या बायकामुलींना आकाशाखाली निर्धास्त झोपता यावं, एवढ्यासाठी त्यांनी एक वस्ती आखली.

मला रडू आलं, खरं सांगायचं तर. मी प्रेमिलाला सांगितलं. ती म्हणाली, "हे लिहा, काकू. हे कुठेच लिहिलेलं नसतं."

आता सुमतीला सांगायला हवं. तिला तर हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. ती स्वतः झोपलेली आहे तिथे. एकदा कारण कळलं की ती मजल्याचा हट्ट सोडेल.

९ मे

सांगितलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं, न झोपता. मग म्हणाली, "आंगनात कोन झोपते आता?"

मी म्हटलं, "मी झोपते."

"हो. तू येकटी. सात नंबरवाल्याईनं आंगनात स्कूटर ठेवली. मधुसूदनरावच्या घरी तीन कूलर हायेत. बारा घरात तू येकटी बाई आंगनात झोपते, आन् तुह्यासाठी माया पोराचं लगन अडलं."

"माझ्यासाठी नाही, सुमती. वस्तीसाठी. पन्नास वर्षं..."

"मी तुले वरून पाहीन म्हन्ते का तू? चाळीस वर्सं भिंतीआडून आयकलं, आता वरून काय नवीन दिसनार हाय?"

मी हसले. ती हसली नाही.

"विलास म्हन्ते, घर इकून टाकू. मानेवाडा रोडले प्लॉट मिळते, पाह्यजे तेवढे मजले बांधा. मी त्याले म्हटलं, थांब, लता सही करते. ते तं मायी हाय." उठली, पदर खोचला. "तू लिव तुहा इतिहास. आमी नसलो म्हंजे त्याच्यात आमचंयी नाव घाल."

मागच्या दाराने गेली. नेहमी पुढच्याने जाते.

१६ मे

ती आली नाही. मी माझ्या बाजूने बरोबर आहे असं दहा वेळा स्वतःला सांगितलं. घराचा नियम माणसापरत्वे बदलला तर नियम कशाला. हे प्रेमिलालाही सांगितलं. ती म्हणाली, "मी फक्त मोजते, काकू."

२७ मे

नवतपा लागला आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. श्वास जड होतो, डॉक्टर म्हणाले धूळ टाळा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून हात दुखले.

दिवाणावरच्या तक्क्याला सुमतीच्या तेलाचा वास आहे. खोळ धुवायला काढली होती, परत घातली.

३० मे

रुपरावांचा ताप उतरला नाही असं कळलं, म्हणून सकाळी पन्हं घेऊन गेले. भांडण असलं तरी आजाऱ्याला पाहायला जायचं असतं.

बैठकीत रुपराव. माजघरात थोरला मुलगा, सून शोभा आणि त्यांची तीन मुलं. विलास ओसरीवर, तिथे त्याने पडदा लावला आहे. माजघराच्या खिडकीत कूलर बसवलाय, त्याचं धूड अंगणात; अर्धं अंगण त्यानेच खाल्लं. इतका आवाज की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. खाली सगळा चिखल.

सुमती देवाला फुलं आणायला गेली होती. शोभा म्हणाली, "काकू, पन्हं आत ठेवता का, माझे हात पिठाचे आहेत." मी स्वयंपाकघरात गेले. गव्हाच्या कोठीमागे एक वळकटी उभी केलेली होती. सुमतीची निळी चौकड्यांची चादर, मी ओळखते.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"सासूबाई इथेच झोपतात ना," शोभा म्हणाली. "दोन वर्षं झाली. सकाळी चूल पेटायच्या आत उठावं लागतं त्यांना, आणि रात्री ह्यांचं जेवण होईपर्यंत अंथरूण टाकता येत नाही. मी म्हणते कूलरजवळ झोपा, तर म्हणतात मुलांना दाटी होते. दुपारी तुमच्याकडे येतात तेवढीच त्यांची झोप. तीही बंद झाली आता."

मी पन्हं ठेवलं आणि घरी आले.

ती इतिहास ऐकायला येत नव्हती. तिला पाठ टेकायला जागा नव्हती. आणि मी तिला उठवून विचारत होते, काय लिहिलंय.

३१ मे

पुन्हा विचार केला. दोन्ही बाजूंनी.

सही केली तर मजला होईल. मग सात नंबरवाले मागतील, मग सगळेच. पाच वर्षांत बाराघर पलीकडच्या ले-आउटसारखं होईल. हे खोटं नाही. सही नाही केली तर सुमती जाईल, आणि तिच्या घरी जो कोणी येईल त्याच्याशी मी भिंतीआडून काय बोलणार.

मी अंगण अंगण म्हणते. ते तिच्याशी बोलण्याची जागा होतं. ती दोन वर्षं तिकडे नव्हती आणि मला कळलंही नाही. मी म्हणायचे, सुमती हल्ली लवकर झोपते.

१ जून

सकाळी प्रेमिलाला बोलावून घेतलं. विचारलं, माझं अंगण आणि सुमतीचं अंगण यांच्यातली भिंत काढली तर तिथे जमिनीवरच एक खोली होईल का? तिने कागद पसरला. पेन्सिल चालू लागली. खोली दोन्ही अंगणांत मिळून, जास्त माझ्याकडे. दार सुमतीच्या बाजूने. कूलर बाजूच्या भिंतीला न्यायचा. छप्पर कवेलूचंच, ओळीपेक्षा खाली, रस्त्यावरून दिसणारही नाही.

"पुढून वस्ती जशीच्या तशी राहील," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "पण काकू, ज्यासाठी वस्ती तशी बांधली होती, तेच जाईल. तुमचं अंगण."

मी म्हटलं, सगळं जाईल का?

तिने पुन्हा टेप काढली. "मागच्या भिंतीलगत एक पट्टी उरेल."

३ जून

बैठक झाली. मधुसूदनरावांच्या ओसरीवर सगळे. त्यांनी सुरुवात केली, "प्रेमलताबाईंचं मत आधी ऐकू या," आणि मागे टेकून बसले.

मी म्हटलं, मजल्याला माझी संमती नाही.

रुपराव तापातून उठून आले होते, मफलर गुंडाळून. त्यांनी मान खाली घातली. विलास उठलाच. मी म्हटलं, बस बाबा, पुढचं ऐक. आणि नकाशा मांडला.

मधुसूदनरावांचा चेहरा बदलला. "भिंत पाडायची? मूळ रचनेतली भिंत?"

"नियमात मजल्याचं आहे. भिंतीचं नाही," प्रेमिला म्हणाली.

"आपण सभासद आहात का?"

"नाही," ती म्हणाली. "मी मागच्या गल्लीची पाहुणी." कोणाला काही कळलं नाही. मलाही तेव्हा नाही.

रुपराव म्हणाले, "आम्हाला दान नको, वहिनी."

तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूने सुमती बोलली. आम्ही तीन आठवडे बोललो नव्हतो. "दान कायचं? तिले येकटीले आंगन झाडनं होत नाही आता. दम लागते. आपन झाडू." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "मायी येक अट हाय. मी दुपारी तुह्या दिवानावर झोपन. आन् तू वाचायचं नाही."

मी म्हटलं, कबूल.

रुपराव मफलर सारखा करत म्हणाले, "विटा तरी आमच्या घ्याव्यात." ते मी मान्य केलं.

१९ जुलै

स्मरणिकेची मुद्रितं आली. माझं लिखाण सुंदर छापलंय. दोन वाक्यं नाहीत. गल्लीतून कोण येत होतं ते, आणि बायका अंगणात झोपायच्या ते. मधुसूदनराव म्हणाले, "पहिलं उगाच वाद उकरणारं आहे, आणि दुसरं घरातलं. पाहुण्यांच्या हातात द्यायचं पुस्तक आहे." नियम शोभेसाठी केला, असं त्यांनी स्वतः घातलंय.

मी भांडले नाही. भांडायला हवं होतं का? आमच्या शाळेत मुलींना नीट उभं राहायला शिकवत, नाही म्हणायला शिकवत नसत.

प्रेमिलाला सांगताना लाज वाटली. ती म्हणाली, "नकाशात गल्ली आहे ना, आणि ठेंगणी दारंही आहेत. मापांसकट. ज्याला वाचता येतं तो वाचेल."

आज मला तिच्या आजीला विचारावंसं वाटलं, मोळी बाहेर उतरवल्यावर ती किती वेळ थांबायची. प्रेमिलाला तसं म्हटलं तेव्हा कळलं, आजी चौसष्ट साली गेली. मग प्रेमिलाने आपणहून चहा मागितला.

२ ऑक्टोबर

दसरा झाला. दीक्षाभूमीची गर्दी ओसरली, प्रेमिलाच्या घरचे पाहुणे गेले, ती आता रोज येऊ शकेल. उद्या गवंडी लागणार. डॉक्टरांनी धुळीत राहायला मनाई केली आहे, म्हणून खोली होईपर्यंत मी अमरावतीला नणंदेकडे जाते. सुमती म्हणते, पळून चालली. तशी चाललेच आहे. भिंत पडताना मला पाहायची नाही.

मी नसताना कोणाला काय द्यायचं ते इथे लिहिते. हे पान फाडून विलासला देईन, कारण सुमती सगळं "राहू दे" म्हणून ठेवून घेईल.

भिंतीच्या विटा एकूणएक रुपरावांच्या ताब्यात द्याव्या. त्यांनी त्या साफ करवून घ्याव्या आणि खोलीच्या जोत्याला लावाव्या. आपल्या विटांची खोली झाली असं त्यांना म्हणता आलं पाहिजे. नव्या विटा मागवायच्या असतील तर त्यांना विचारूनच.

वाळ्याच्या ताट्या शोभाला. माजघराच्या दाराला लावल्या की कूलर कमी वेळ चालवावा लागेल. माठ आणि त्याची तिवईही तिलाच, मुलं सारखी पाणी पितात.

तुळशीवृंदावन पुढच्या बागेत हलवावं. ते कोणाला द्यायचं नाही.

गिरिधर झोपत ती निवारीची बाज विलासला. निवार मी नवी भरून घेतली आहे. लग्नाचा पलंग येईपर्यंत वापरा, आणि मग तुझ्या बायकोला नको असली तरी मोडीत देऊ नकोस.

सोसायटीच्या पहिल्या वर्षांचे वडिलांजवळचे कागद मधुसूदनरावांना द्यावे. त्या कागदांची जागा तिथेच आहे.

इतिहासाची माझ्या हातची प्रत, दोन्ही वाक्यांसकट, प्रेमिलाला. गल्लीकडचं ठेंगणं दार गवंडी रुंद करू म्हणतो. करावं. चौकटीची उंची किती ठेवायची ते प्रेमिला सांगेल, तिने डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचं माप धरलं आहे.

मागच्या भिंतीलगतची पट्टी मोकळीच राहू द्यावी. तिथे सिमेंट नको, कूलर नको, स्कूटर नको. दोन बाजा मावतात, मी लावून पाहिलं. दाराजवळची माझी. कोपऱ्यातली, जिथे ऊन उशिरा पोचतं, ती सुमतीची. ती झोपलेली असेल तेव्हा पोरांना तिकडे जाऊ देऊ नये, आणि चुलीसाठी तिला कोणी उठवू नये.